विजयाबाई मेहता: बडोदेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमचा नाटक वाचणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. विजयाबाईंनी बसवलेलं एखादं नाटक वाचायला घेतलं की माझ्या फोनवर प्रश्न यायला लागतात. कॉलेजातली मुलं विचारतात, निवृत्त शिक्षिका विचारतात, अमेरिकेतून सुट्टीला आलेली भाचेमंडळीही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा बसून नीट उत्तरं लिहून काढली. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. विजया मेहता म्हणजे नेमक्या कोण? अभिनेत्री की दिग्दर्शिका?

दोन्ही, आणि शिवाय नाट्यशिक्षिका. १९६० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'रंगायन' या संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी मराठी रंगभूमीवर 'एक शून्य बाजीराव', 'संध्याछाया', 'बॅरिस्टर', 'हमीदाबाईची कोठी', 'पुरुष', 'वाडा चिरेबंदी' ही नाटकं दिग्दर्शित केली आणि त्यांतल्या काहींत स्वतः भूमिकाही केल्या. 'रावसाहेब' आणि 'पेस्तनजी' हे हिंदी चित्रपट त्यांचे. दूरदर्शनसाठी 'स्मृतिचित्रे' केलं, 'लाइफलाइन' ही मालिका केली. जर्मन नटांना घेऊन जर्मनीत नाटकं उभी केली. नाटकवाल्यांमध्ये नुसतं 'बाई' म्हटलं तरी विजयाबाईच समजायच्या, इतका तो शब्द त्यांच्या नावाला चिकटला आहे.

२. त्यांचा जन्म खरंच बडोद्याचा का? मग त्या आपल्याच ना?

जन्म बडोद्याचाच, ४ नोव्हेंबर १९३४ चा. आपल्या गावाचं नाव त्यांच्या चरित्रात पहिल्या ओळीत येतं, याचा मलाही आनंद आहे. पण शिक्षण, पहिली नाटकं, संस्था, प्रेक्षक हे सगळं मुंबईचं. बडोद्यानं त्यांना घडवलं असं मी म्हणणार नाही आणि आपल्या गटातल्या कुणी तसं भाषणात म्हटलेलं मला आवडतही नाही. आपलं माणूस म्हणायचंच असेल तर त्यांनी केलेली नाटकं वाचावीत, त्यांचे चित्रपट पाहावेत. जन्मगावाचा धागा त्यापुढे फारच बारीक आहे.

३. सयाजीरावांच्या काळातलं बडोद्याचं नाट्यवैभव आणि विजयाबाई यांचा काही संबंध जोडता येतो का?

थेट नाही. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, हा बडोद्याचा मोठा अभिमान. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले, हा दुसरा. पण विजयाबाई ज्या रंगभूमीच्या आहेत ती बालगंधर्वांच्या रंगभूमीपासून लांब निघून आलेली आहे. तिथे पदं नाहीत, वन्समोअर नाहीत, भरजरी शालू नाहीत. दोघांनाही एकाच माळेत ओवायची घाई केली की दोघांचंही वेगळेपण हातचं जातं. संगीत नाटकाबद्दल ज्यांना प्रेम आहे, आणि इथे ते घरोघरी आहे, त्यांनी हा फरक कमीपणाचा मानू नये.

४. मेहता म्हणजे गुजराती ना?

बडोद्यात हा प्रश्न येणारच. इथे गल्लीगल्लीत मेहता आहेत. विजयाबाई माहेरच्या जयवंत, घर मराठी. मेहता हे आडनाव पती फारोख मेहता यांचं, आणि ते पारशी. पारशी घराशी जुळलेलं हे नातं 'पेस्तनजी' पाहताना लक्षात ठेवायला हरकत नाही (प्रश्न ११ पाहा). अभिनेत्री अनाहिता उबेरॉय ही त्यांची मुलगी.

५. वडिलांनी जपलेल्या जुन्या कात्रणात 'विजया खोटे' असं नाव आहे. ही दुसरी कुणी अभिनेत्री का?

नाही, त्या याच. सुरुवातीच्या वर्षांत त्या विजया जयवंत होत्या. पुढे अभिनेत्री दुर्गाबाई खोटे यांचे चिरंजीव हरिन खोटे यांच्याशी लग्न झालं आणि रंगायनच्या काळात त्या विजया खोटे या नावानं ओळखल्या गेल्या. हरिन खोटे तरुणपणीच गेले. नंतर फारोख मेहतांशी लग्न झाल्यावर विजया मेहता. म्हणून साठच्या दशकातली कात्रणं चाळताना तिन्ही नावं शोधा. असं कात्रण घरात असेल तर रद्दीत देऊ नका, एवढी हात जोडून विनंती.

६. त्या नाटक शिकल्या कुठे?

मुंबईत, इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान या दोघांकडे. ही दोन टोकं आहेत, आणि मला वाटतं विजयाबाईंच्या कामाचं कुलूप उघडायची किल्ली इथेच आहे. अल्काझी म्हणजे काटेकोर शिस्त, रंगमंचावर प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक नटाला नेमकी जागा, जगभरचं नाटक. मर्झबान म्हणजे पारशी-गुजराती रंगभूमीवरचा प्रेक्षकाची नाडी ओळखणारा, हशा कुठे पिकतो हे जाणणारा माणूस. पुढे विजयाबाई मोजक्या प्रेक्षकांसमोरही उभ्या राहिल्या आणि हाउसफुल्ल नाट्यगृहांतही. दोन्हीकडे त्यांना परकं वाटलं नसणार, याचं मूळ या दुहेरी शिक्षणात असावं असं माझं मत.

७. रंगायन, रंगायन म्हणतात ते काय होतं?

विजयाबाई, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी मंडळी एकत्र येऊन १९६० मध्ये उभी राहिलेली प्रायोगिक नाटकांची संस्था. मोजका प्रेक्षक, मोजके प्रयोग, पण प्रत्येक प्रयोगात काहीतरी नवं करून पाहायचं. फ्रेंच नाटककार आयनेस्कोच्या 'द चेअर्स'वरून 'खुर्च्या' इथे झालं. १९६६ मध्ये चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' झालं, माधव वाटवे बाजीराव होते. ते नाटक आजही वाचताना दम लागतो. आमच्या गटानं दोनदा हातात घेऊन दोनदा मध्येच थांबवलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचत शेवटपर्यंत गेलो आणि तेव्हा कळलं की ते डोळ्यांनी वाचायचं नाटकच नाही, त्यातली वाक्यं तोंडात घोळवावी लागतात.

रंगायनचं मोठं काम म्हणजे लेखक हेरणं. महेश एलकुंचवार अगदी नवीन होते, नागपूरला होते, तेव्हा त्यांची 'सुलतान' ही एकांकिका विजयाबाईंच्या नजरेत भरली आणि रंगायननं त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. पंधराएक वर्षांनी त्याच लेखकाचं 'वाडा चिरेबंदी' विजयाबाईंनीच बसवलं. लेखकाशी इतकी लांब सोबत करणारे दिग्दर्शक मराठीत फार नाहीत.

८. 'शांतता! कोर्ट चालू आहे' विजयाबाईंचंच ना? आणि छबिलदास चळवळही त्यांचीच?

दोन्ही नाही. ही गल्लत स्पर्धेच्या प्रश्नमंजूषेतही होते, म्हणून एकदाच नीट लिहिते.

तेंडुलकरांचं 'शांतता!' १९६७ मध्ये रंगायनतर्फे झालं हे खरं, पण दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारेबाई, म्हणजे नाटकातली मुख्य भूमिका, सुलभा देशपांडे यांची. नंतर १९७१ मध्ये देशपांडे दांपत्य, अरुण काकडे आदी मंडळींनी 'आविष्कार' ही वेगळी संस्था काढली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी चळवळ बहरली ती आविष्कारची. विजयाबाई तोवर दुसऱ्या वाटेला लागल्या होत्या (प्रश्न ९). रंगायन का थांबलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, हेही पुष्कळदा विचारलं जातं. ते मी या पानावर घेत नाही. दोन्ही घरांनी आपल्याला भरभरून दिलं आहे.

९. प्रायोगिक नाटक सोडून त्या धंदेवाईक रंगभूमीवर गेल्या, असं आमचे सर म्हणायचे. खरं का?

व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या हे खरं. 'सोडून' हा शब्द मात्र मला मान्य नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रंगायन थांबलं. त्यानंतर विजयाबाईंनी जी नाटकं मुख्य रंगभूमीवर आणली त्यांच्याकडे एकदा ओळीनं पाहा. 'संध्याछाया': म्हातारा-म्हातारी आणि रिकामं घर. 'बॅरिस्टर': केशवपन, विधवा आणि विलायतेहून शिकून आलेला, मनानं सुधारक पण पाय न निघणारा माणूस. 'हमीदाबाईची कोठी': कोठीवरचं गाणं आणि ते गाणं गिळून टाकणारा बदलता काळ. 'पुरुष': सत्ताधारी पुढाऱ्यानं शिक्षिकेवर केलेला बलात्कार आणि तिनं घेतलेला सूड. 'वाडा चिरेबंदी': विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचं खचत गेलेलं घर. यातलं एकही नाटक 'चार घटका करमणूक' नाही. तिकीट काढून, गजरा माळून आलेल्या प्रेक्षकापुढे त्यांनी हे ठेवलं आणि प्रेक्षक आला.

प्रायोगिकतेचा अर्थ फक्त अपरिचित घाट, अंधारा मंच, कमी खुर्च्या असा घेतला तर सरांचं बरोबर आहे. पण नाटकाच्या संहितेशी किती प्रामाणिक राहायचं, नटाकडून कुठली सवय काढून घ्यायची, प्रेक्षकाला न आवडणारा शेवट त्याच्या गळी न मारता त्याच्यासमोर कसा ठेवायचा, हे रंगायनमध्ये शिकलेलं सगळं त्या बरोबर घेऊन आल्या. मला तर वाटतं की शंभर माणसांसाठी केलेला प्रयोग हजार माणसांसमोर उभा राहतो का, हाच त्यांचा पुढचा प्रयोग होता. सरांना माझा नमस्कार सांगा आणि 'वाडा चिरेबंदी' पुन्हा वाचायला सांगा.

१०. सुरुवात कोणत्या नाटकापासून करावी? घरात आई-बाबा सत्तरीचे आहेत, त्यांच्याबरोबर वाचायचं आहे.

मी एरवी 'संध्याछाया' सुचवते, पण तुमच्या बाबतीत आधी स्वतः एकट्यानं वाचा.

जयवंत दळवींचं हे नाटक १९७३ मध्ये रंगमंचावर आलं. नाना आणि नानी, दोघंच घरात. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. माणसांची वाट पाहण्यात दिवस सरतात. कुणी चुकून दार वाजवलं तरी त्याला बसवून घ्यावंसं वाटतं. नानी विजयाबाईंनी केली, तेव्हा त्यांची चाळिशीही उलटली नव्हती. पांढरे केस आणि थरथरता हात कुणीही आणेल. म्हातारीला मधूनमधून येणारा तरतरीतपणा, नवऱ्याची थट्टा करायची तिची खोड, हे धरणं अवघड असतं. तो नाटकात लिहिलेला आहे आणि नटीनं तो सोडला तर सगळं नाटक रडं होऊन बसतं.

बडोद्यात या नाटकाचा अर्थ जरा जास्तच लागतो. आमच्या गटात बारा जण आहेत आणि त्यांतल्या नऊ घरांतली मुलं परदेशात. पहिल्या वाचनाला नानीची वाक्यं एका काकूंनी घेतली होती. मुलाच्या पत्राचा भाग आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुढचं तू वाच गं." मी वाचलं. नाटक संपल्यावर कुणी चहाला उठलं नाही. शेवट काय आहे ते मी इथे सांगत नाही, पण तो हलका नाही. म्हणूनच म्हटलं, आई-बाबांबरोबर वाचण्याआधी एकदा स्वतः वाचा. त्यांना झेपणार नाही असं मुळीच नाही. बहुतेक वेळा न झेपणारी मुलंच असतात.

११. त्यांचे चित्रपट कोणते आणि कोणत्या क्रमानं पाहावेत?

माझा क्रम असा. आधी गोविंद निहलानींचा 'पार्टी' (१९८४), एलकुंचवारांच्या नाटकावरचा. यात विजयाबाई फक्त अभिनेत्री आहेत. घरी मेजवानी ठेवणाऱ्या दमयंती राणे त्यांनी केल्या आहेत. दिग्दर्शनाची जबाबदारी खांद्यावर नसताना त्या किती मोकळ्या दिसतात ते पाहा. पाहुण्याशी बोलताना त्यांची नजर दुसऱ्याच कोपऱ्यात काय चाललंय ते टिपत असते. श्याम बेनेगल यांच्या 'कलयुग'मध्येही (१९८१) त्यांची भूमिका आहे. महाभारत आजच्या उद्योगपती घराण्यांत आणणारा तो चित्रपट.

मग 'रावसाहेब', त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

मग 'पेस्तनजी' (१९८८). नसीरुद्दीन शाह, अनुपम खेर, शबाना आझमी. पारशी मित्रांची, एकाच मुलीवर जीव जडलेल्या दोघांची गोष्ट. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. बडोद्यात ज्यांचे पारशी शेजारी होते त्यांना यातली घरं, खुर्च्या, बोलण्याची लकब लगेच ओळखीची वाटेल. समाजाची नुसती गंमत करण्याचा मोह पारशी पात्रांबाबत हिंदी चित्रपटाला नेहमी होतो. इथे तो टाळला आहे, म्हणून मला तो फार प्रिय आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरचं 'स्मृतिचित्रे' मिळालं तर सगळं बाजूला ठेवून पाहा.

१२. 'बॅरिस्टर' आणि 'रावसाहेब' एकच का? एक पाहिलं तर दुसरं वाचायला हवं का?

गोष्ट एकच, जयवंत दळवींची. पण दोन्ही घ्यायला हवीत.

'बॅरिस्टर' नाटक १९७७ चं. विक्रम गोखले बॅरिस्टर, विजयाबाई मावशी. चित्रपटात रावसाहेब अनुपम खेर, राधा तन्वी आझमी, आणि मावशी पुन्हा विजयाबाईच. म्हणजे एकच बाई, एकच भूमिका, दोन माध्यमं आणि दोन्हींचं दिग्दर्शन तिचंच. नट होऊ पाहणाऱ्या मुलांनी याहून चांगला धडा शोधू नये.

मावशी ही केशवपन झालेली विधवा. आलवणातलं, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यातलं, ते शरीर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं तर चाल, आवाज, पदर सावरणं, सगळं थोडं मोठं करावं लागतं. कॅमेऱ्यापुढे तेच सगळं आत ओढून घ्यावं लागतं. चित्रपटातली मावशी बघताना हाताकडे लक्ष द्या. ती कितीतरी वेळ काहीच करत नाही. तरीही त्या घरात कुणाचा शब्द चालत होता, कुणाचा चालेनासा झाला आणि कुणाचा कधीच चालला नाही, हे तिच्या बसण्यावरून कळतं. या भूमिकेला उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाटक का वाचायचं? कारण बॅरिस्टरांची लांब बोलणी तिथे आहेत. बुद्धीनं पटलेलं हातून का होत नाही, याचा तो माणूस किती तऱ्हांनी हिशेब मांडतो! चित्रपटात ते डोळ्यांतून येतं, नाटकात शब्दांतून.

१३. जर्मनीत नाटक केलं म्हणजे तिथल्या मराठी मंडळासाठी का?

नाही! मला वाटतं हाच त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कमी माहीत असलेला भाग आहे.

सत्तरच्या दशकात तेव्हाच्या पूर्व जर्मनीतले दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजयाबाई यांनी एकत्र काम सुरू केलं. जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून मराठीत आणलं, ते या सहकार्यातलं. मग उलट दिशेनं प्रवास झाला. जर्मन व्यावसायिक नटांना घेऊन, जर्मन भाषेत, जर्मन प्रेक्षकांसाठी विजयाबाईंनी भारतीय नाटकं बसवली. त्यांत कालिदासाचं 'शाकुंतल' होतं. गिरीश कार्नाडांचं 'हयवदन' १९८४ मध्ये वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालं आणि १९९२ मध्ये जर्मनीतल्या भारत महोत्सवात 'नागमंडल'. 'हयवदन' त्यांनी त्याआधी मराठीतही केलं होतं.

जरा कल्पना करा. ज्यानं रंगमंचावर गोष्ट सांगणारा भागवत कधी पाहिला नाही, शकुंतलेच्या पायात रुतलेला दर्भ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्या नटाकडून ते सहज करून घ्यायचं. तिथे 'आपली संस्कृती' या शब्दावर भागत नाही. प्रत्येक हालचाल का, हे सांगावं लागतं. आपण आपल्याच मुलांना तरी इतकं सांगतो का?

१४. त्यांनी कोणकोणते कलाकार घडवले?

'घडवले' हा शब्द जपून वापरते, कारण प्रत्येक मोठा नट अनेक हातांखालून जातो. पण विजयाबाईंच्या दिग्दर्शनाखाली महत्त्वाची कामं केलेल्यांत विक्रम गोखले, नाना पाटेकर, नीना कुळकर्णी, भारती आचरेकर, सुहास जोशी, अशोक सराफ ही नावं आहेत. एकट्या 'हमीदाबाईची कोठी'तच (१९७८) नाना, अशोक सराफ, नीनाताई आणि भारतीताई एकत्र होते, आणि हमीदाबाई स्वतः विजयाबाई. अशोक सराफ फक्त विनोदी म्हणून ज्यांना माहीत आहेत त्यांना हे नाव या यादीत पाहून नवल वाटतं. 'पुरुष'मध्ये (१९८२) नाना पाटेकर आणि रीमा लागू होते.

१५. पुरस्कार आणि पदं?

दिग्दर्शनासाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९७५, पद्मश्री १९८७. चित्रपटांचे प्रश्न ११ आणि १२ मध्ये आले आहेत. १९८८ ते १९९२ या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या अध्यक्ष. १९९३ पासून काही वर्षं त्या मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेच्या कार्यकारी संचालक होत्या. त्यांचं आत्मकथन 'झिम्मा' २०१२ मध्ये आलं. भाषण करायचं असेल तर पुरस्कारांची यादी वाचू नका, 'झिम्मा' वाचा.

१६. गणेशोत्सवात आम्हाला यांपैकी एखादं नाटक करायचं आहे. परवानगी विजयाबाईंची लागेल का?

नाही. नाटकाच्या संहितेचा हक्क लेखकाचा, लेखकाच्या पश्चात त्याच्या वारसांचा. दिग्दर्शकाचा नव्हे. पुस्तकावर प्रकाशकाचं नाव असतं, तिथे पत्र लिहून विचारायचं. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. खानोलकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०३६ अखेरपर्यंत. दळवी १९९४ मध्ये गेले, म्हणजे २०५४ अखेरपर्यंत. 'नाटक जुनं आहे, आता कोण विचारतंय' हे चालत नाही.

एक अपवाद कायद्यात आहे. हौशी संस्थेनं विनातिकीट प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग हक्कभंग धरला जात नाही. मंडळाचा उत्सवातला विनामूल्य प्रयोग त्यात बसू शकतो. तरी मी म्हणेन, पत्र पाठवाच. लेखकाला किंवा घरच्यांना कळलं की बडोद्यात आपलं नाटक होतंय, तर त्यांना किती बरं वाटेल! आणि देणगी प्रवेशिका ठेवली, तीही ऐच्छिक म्हणून, की अपवादाचा आधार डळमळतो.

काटछाट, शेवट बदलणं किंवा गुजराती शेजाऱ्यांसाठी भाषांतर करणं, यांतलं काहीही या अपवादात बसत नाही. भाषांतराची परवानगी वेगळी मागावी लागते. एका मंडळानं दोन तासांचं नाटक पन्नास मिनिटांत बसवलं होतं. मी पाहायला गेले होते. ज्या प्रवेशासाठी नाटक लिहिलं गेलं तोच गाळलेला होता. त्यापेक्षा एकच अंक करा, आणि 'अंक पहिला' असं जाहिरातीत स्पष्ट लिहा.

१७. अभिनय शिकायचा आहे. विजयाबाईंसारखं मुंबईलाच जावं लागेल का?

सुरुवात इथेच करा. सुरसागरजवळ महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचा वारसा तिच्याकडे आहे आणि नाट्यशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. मराठी नाटकांची पुस्तकं पाहायची तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. पुढे मुंबई, पुणे, दिल्ली हवीच असेल तर जालच. पण वाचनाची सवय इथे लावून जा. ती तिथे कुणी लावून देत नाही.

१८. आमची मराठी बडोद्याची, त्यात गुजराती मिसळलेली. 'वाडा चिरेबंदी' आम्ही केलं तर हसं होईल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज नेहमी थोडा खाली असतो. हसं होणार नाही. पण कष्ट पडतील.

नाटकातली माणसं विदर्भातली. त्यांच्या बोलण्याला तिथला सूर आहे आणि मुंबईहून आलेला सुधीर व त्याची बायको वेगळं बोलतात. घरातली दरी त्या दोन बोलींतूनही कळते. ती पुसून सगळ्यांना एकसारखं बडोदी बोलायला लावलं तर नाटकाचं नुकसान होईल. उलट, पुस्तकी शुद्ध मराठी सगळ्यांच्या तोंडी घातली तर त्याहून जास्त होईल. आम्ही असं केलं: धरणगावच्या मंडळींची वाक्यं लिहिल्याप्रमाणे, एकही अक्षर न बदलता, आधी हळू, मग वेगानं, मग एकमेकांचं वाक्य तोडत वाचली. तीन रविवार नुसतं एवढंच. चौथ्या रविवारी सूर आपोआप लागायला लागला.

वाड्याची गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. गटातल्या अर्ध्या लोकांचे दांडिया बाजारातले वाडे पडून तिथे अपार्टमेंट झाली आहेत. अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरचा उल्लेख आला तेव्हा एका काकांनी वाचन थांबवलं. त्यांच्या वाड्यात घोडागाडी होती. घोडा गेल्यावर ती तीस वर्षं चौकात उभी होती, कारण विकायची की ठेवायची यावर भावांचं एकमत होईना. भास्करची वाक्यं तेव्हापासून त्यांच्याकडेच आहेत.

चहाच्या वेळी मात्र ते अजून झोपाळ्याला हिंचकाच म्हणतात, आणि त्यांना कुणी टोकत नाही.